थांबवलेला प्रयोग

नाटकातला एक शब्द जरी इकडचा तिकडे झाला तरी वरदाला खपत नसे, आणि ह्याच स्वभावापायी एकदा तिचं होत्याचं नव्हतं झालं होतं.

जन्म अमेरिकेतला, क्लीव्हलंडचा. वडील पुलांचे इंजिनिअर, आई घरीच पाळणाघर चालवायची. मराठी शिकली ती स्वयंपाकघरात, त्यामुळे बोलायची भरभर, पण 'तो, ती, ते'ची गफलत जन्मभर राहिली. कॉलेज संपल्यावर ती न्यूयॉर्कला गेली आणि एका लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर घडीच्या खुर्च्या मांडून स्वतः लिहिलेलं नाटक स्वतःच बसवलं. ते गाजलं. दुसऱ्या नाटकाला खरंखुरं थिएटर मिळालं, नावाजलेला नट मिळाला, आणि तो नट तालमीत रोज वाक्यं आपल्या सोयीने फिरवायला लागला. वरदाने त्याला सगळ्यांसमोर झापलं. उद्घाटनाच्या तोंडावर तो निघून गेला. नाटक आलंच नाही, आणि 'हिच्याबरोबर काम करणं अवघड' असा शिक्का तिच्यावर बसला. नाटकवाल्यांच्या गावात असा शिक्का लवकर पुसला जात नाही.

पुढे विनयशी लग्न झालं. त्याची नोकरी मेडनहेडला, म्हणून तीही इंग्लंडला आली. इथे तिला कोणी ओळखत नव्हतं, ही एका परीने सुटका होती आणि एका परीने शिक्षाही. तिने शाळांची नाटकं बसवली, रेडिओसाठी दोन-तीन छोटी नाटकं लिहिली, हाउन्सलोच्या कम्युनिटी सेंटरमध्ये विमानतळावर काम करणाऱ्यांचा एक नाटकाचा ग्रुप चालवला. सामान चढवणारे, सफाईवाले, काउंटरवाल्या बायका शिफ्ट संपवून यायच्या. त्यांच्यातल्याच एका बाईने तिला इमिग्रेशनच्या टेबलावरच्या दुभाष्यांच्या गोष्टी सांगितल्या. त्यातून वरदाने कित्येक वर्षं घासूनपुसून एक नाटक लिहिलं: जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं बोलून निवृत्तीला आलेला एक दुभाष्या, आणि त्याच्या शेवटच्या दिवशी टेबलाशी आलेली एक म्हातारी. नाटक इंग्रजीत, मधेमधे मराठी.

कार्डिफच्या एका थिएटरच्या प्रमुखाने, ग्वेनने, ते वाचलं आणि करायचं ठरवलं. दुभाष्याच्या भूमिकेसाठी ग्वेनला टीव्हीवरचा कोणी ओळखीचा चेहरा हवा होता. वरदा गिरीशकाकांवर अडून बसली.

गिरीशकाका हाउन्सलोचे. गेली चाळीसेक वर्षं ब्रिटिश टीव्हीवर दुकानदार, टॅक्सीवाला, आणि वाईट बातमी सांगून निघून जाणारा डॉक्टर ह्यापलीकडे त्यांना कोणी काही दिलं नव्हतं. नट मात्र अस्सल.

"ठीक आहे," ग्वेन शेवटी म्हणाली. "पण वरदा, न्यूयॉर्कची हकिगत माझ्याही कानावर आलीय. ह्या वेळी तमाशा नको."

वरदाने मान डोलावली. त्या दिवसापासून तालमीच्या खोलीत शिरताना ती स्वतःला तेच बजावायची.

कारण गिरीशकाकाही वाक्यं बदलायचे. त्यांच्या मनात वाईट काही नसायचं, पण शब्द जिभेवर घोळवून बघायची त्यांना खोडच होती. पहिल्याच आठवड्यात ती त्यांना म्हणाली होती, "काका, माझा वाक्य मला परत द्या."

"माझं वाक्य," काका म्हणाले. "वाक्य नपुंसकलिंगी असतं गं. आणि तुझं वाक्य लिहिलेलं छान दिसतं, पण बोलायला गेलं की दातात अडकतं."

सगळे हसले. वरदाही हसली, पण आतून धुमसत राहिली. त्यांच्या सगळ्या सूचनांपैकी तिने एकच घेतली. म्हातारी घाबरून गप्प होते तेव्हा दुभाष्या तिला इंग्रजीत धीर देतो असं मूळ संहितेत होतं. काका म्हणाले, हा माणूस तिथे इंग्रजीत बोलणारच नाही. ते नुसतं म्हणाले, "आजी, मी आहे ना इथे," आणि खोलीत एकदम शांत झालं. वरदाने ते वाक्य संहितेत घातलं. तेव्हापासून काका ते वाक्य दर वेळी अगदी तसंच म्हणायचे, जपून.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी रंगीत तालमीत काकांनी दुसऱ्या अंकातलं मोठं भाषण भलतीकडेच नेलं. वरदाचा तोल गेला. दिवे लावून तिने सगळ्यांसमोर सुनावलं. "उद्या एक शब्द बदललात ना काका, तर मी तुमच्याशी परत बोलणार नाही."

काकांचा चेहरा पडला. "शब्दाला शब्द," एवढंच म्हणून ते आत गेले. ग्वेन मागच्या रांगेत बसली होती. तीही उठून गेली.

दुसऱ्या दिवशी शनिवार. लंडनच्या समीक्षकांना परतीची ट्रेन गाठता यावी म्हणून त्यांचा प्रयोग दुपारी ठेवला होता. थिएटर भरलेलं. काकांच्या पत्नी सुलक्षणाकाकू हाउन्सलोहून आल्या होत्या, पाचव्या रांगेत कडेला बसल्या होत्या. वरदा बसली नाही. ती सगळ्यात मागे, दाराशी भिंतीला टेकून उभी राहिली. शेजारी ग्वेन.

पहिला अंक तिने कल्पनेत पाहिला होता तसाच झाला. काकांनी खरंच शब्दाला शब्द दिला. मध्यंतरात काचेपलीकडून दोन समीक्षक बोलताना दिसले, आणि त्यांच्या चेहऱ्यांवरून वरदाला इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाटलं, की आता जमलं.

दुसरा अंक सुरू झाला. टेबलापलीकडे म्हातारीच्या भूमिकेत स्वराली, अलीकडे काका, हातात तिचा पासपोर्ट. भाषण सुरू झालं. 'पासपोर्ट' म्हणायच्या जागी काका म्हणाले, "की." चावी.

प्रेक्षक हसले. दुभाष्या दमलाय, शब्दांची सरमिसळ करतोय, असं त्यांना वाटलं. नाटक त्याच वळणाने चाललं होतं, त्यामुळे ते शोभूनही दिसलं.

वरदाची कानशिलं तापली. कालचा सूड घेतायत, तिला वाटलं. समीक्षकांसमोर.

पुढचं एक वाक्य काकांनी गाळलं. त्याच्या पुढचं अर्ध्यात सोडून दिलं. उजव्या हातातला पासपोर्ट हळूहळू खाली आला आणि दोन बोटांत लोंबत राहिला. हे तिने बसवलेलं नव्हतं. मग जिथे इंग्रजी शब्द हवा तिथे मराठी आला, तोही कुठलातरीच: "ताट." परत "ताट." प्रेक्षागृहात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. पुढच्या रांगेतला एक समीक्षक पेन थांबवून नुसता बघत राहिला.

ग्वेन तिच्या कानाशी कुजबुजली, "हा माणूस अफाट आहे. तू ह्याला एवढे दिवस कुठे लपवलं होतंस?"

वरदाची नजर स्वरालीवर होती. स्वरालीने काकांना त्यांच्या पुढच्या वाक्याची आठवण होईल असा प्रश्न विचारला, मग तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत परत विचारला. काका तिच्याकडे हसून बघत होते. हसू एकाच बाजूला होतं. की प्रकाश तसा पडला होता? इतक्या लांबून नीट दिसत नव्हतं. पाचव्या रांगेत सुलक्षणाकाकूंनी रुमाल डोळ्यांना लावला होता. त्यांच्या बायकोलासुद्धा हा अभिनयच वाटतोय, मग मी कोण?

थांबवावं, आणि काकांनी वळून म्हणावं, अगं, रंगात आलो होतो? मग न्यूयॉर्कची गोष्ट ह्या देशातही तिच्यामागे लागणार. शब्द बदलला म्हणून स्वतःचाच प्रयोग बंद पाडणारी बाई. त्यानंतर कोणी तिला दारातही उभं केलं नसतं. आणि न थांबवावं, तर?

ती तशीच उभी राहिली. भाषण पुढे रखडत गेलं आणि तिला वाटलं, येतायत रुळावर, येतील.

मग म्हातारी गप्प झाली. आता काकांचं स्वतःचं वाक्य. कितीही मस्ती केली तरी ते वाक्य त्यांनी कधी बिघडवलं नव्हतं. काका स्वरालीकडे झुकले.

"आजी," ते म्हणाले. पुढे ओठ हलले, पण शब्द येईना. "आजी... दार. दार आहे."

वरदा पळत सुटली. मधल्या वाटेने खाली जातानाच ती ओरडली, "थांबवा. लाइट्स लावा. सारा, लाइट्स."

स्टेज मॅनेजर सारा वरच्या केबिनमध्ये होती. तिने क्षणभरही वाट पाहिली नाही, सगळं थिएटर उजेडात आलं. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. हाही नाटकाचाच भाग असेल असं त्यांना वाटलं. मागून ग्वेनचा आवाज आला, "वरदा, काय करतेयस?" ती थांबली नाही, स्टेजवर चढली.

काका चिडले होते. त्यांनी डाव्या हाताने तिला 'बाजूला हो' अशी खूण केली. जवळून त्यांचा चेहरा दिसला. ओठाची उजवी कड खाली ओघळली होती.

"काका, दोन्ही हात वर करा. माझ्यासाठी."

डावा वर गेला. उजवा जागचा हलला नाही. काकांनी त्याच्याकडे परक्याच्या हाताकडे बघावं तसं पाहिलं, आणि तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पहिल्यांदा भीती आली.

"अ‍ॅम्ब्युलन्स," वरदा म्हणाली. "स्ट्रोक आहे."

प्रेक्षकांतून एक डॉक्टरीण धावत वर आली. काकांना आडवं केलं. सुलक्षणाकाकू पायऱ्या चढताना अडखळल्या, त्यांना कोणीतरी हात दिला. लोक न सांगता उठले आणि बाहेर गेले. अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत वरदा काकांचं डोकं मांडीवर घेऊन बसली. ते काहीतरी सांगू बघत होते, आणि जे तोंडातून येत होतं त्याला अर्थ नव्हता.

हॉस्पिटलमध्ये मिहीर नावाचा तरुण डॉक्टर होता, मूळचा नाशिकचा. काकूंचं आडनाव वाचून तो मराठीत बोलायला लागला. "मेंदूत गुठळी आहे. ती विरघळवायचं औषध दिलंय. वेळेत आलात म्हणून देता आलं. आता वाट बघायची." तो आत गेला.

काकू आणि वरदा प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर शेजारी बसल्या.

"मला वाटलं, हे अ‍ॅक्टिंग करतायत," काकू म्हणाल्या. "मी रडत होते. किती छान करतायत म्हणून." मग त्यांनी विचारलं, "तुला केव्हा कळलं?"

वरदाला खोटं बोलता आलं असतं. "चुकतायत हे पहिल्या शब्दालाच कळलं. पण मला वाटलं मुद्दाम करतायत, माझ्यावरच्या रागाने. मी थांबले, काकू. बरंच थांबले. प्रयोग थांबवला तर माझं काय होईल, ते बघत उभी राहिले."

काकूंनी तिच्याकडे वळून पाहिलंही नाही. हात मांडीवर घट्ट धरून त्या समोरच्या दाराकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "काही खाऊन घे. मलाही काहीतरी आण."

वरदा उठली. मशीनमधून तिने दोघींसाठी सँडविच काढलं.

काका वाचले. काही दिवसांनी काठी धरून चालायला लागले. मराठी आधी परत आली, तुकड्यातुकड्यांनी. इंग्रजी हळू आली. स्टेज मात्र संपलं, हे डॉक्टरांनी सांगायच्या आधी त्यांनी स्वतःच ओळखलं.

नाटक दोन आठवडे बंद राहिलं, मग दुसऱ्या नटाला घेऊन उघडलं. त्या दुपारच्या समीक्षकांपैकी एकच परत आला, त्याने बरं लिहिलं. लंडनहून बोलावणं आलं नाही. पण ग्वेनने पुढच्या नाटकाबद्दल विचारलं. त्यात तिने न्यूयॉर्कचं नाव काढलं नाही. वरदा होय म्हणाली. आता नटाने वाक्य फिरवलं की तिला आजही राग येतो, पण आधी ती त्याच्याकडे नीट निरखून बघते.

हाउन्सलोला ती दर रविवारी जायला लागली. सुरुवातीला काका अडखळले की ती त्यांचं वाक्य पुरं करायची. एकदा त्यांनी काठी आपटली. "थांब. मी... बोलतोय." ती थांबली. काकूही हातातलं काम सोडून उभ्या राहिल्या.

"शेवट," काका म्हणाले. "मी... केला नाही. शेवट."

शेवटची पानं त्यांनी प्रेक्षकांपुढे कधी केलीच नव्हती, हे तोपर्यंत वरदाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"नको हो," काकू म्हणाल्या. "डोक्याला ताण होईल." त्यांचा आवाज चढला होता. "वरदा, तू तरी सांग त्यांना."

वरदाने दोघांकडे पाहिलं. मग पिशवीतून संहिता काढून काकांसमोर ठेवली. काकू रागाने आत गेल्या, भांडी आपटत राहिल्या, आणि थोड्या वेळाने येऊन सोफ्याच्या कडेवर बसल्या.

काका एकेक शब्द बोटाने धरून वाचत होते. स्वरालीची वाक्यं वरदा म्हणत होती. एखादा शब्द यायला इतका वेळ लागायचा की खिडकीबाहेरून विमान गडगडत येऊन निघूनही जायचं. काही शब्द भलतेच आले. काही त्यांनी बदलले. चुकून की मुद्दाम, ते तिला ओळखता आलं नाही, आणि तिने विचारलं नाही.

एक पान झालं तेव्हा काकांच्या कपाळावर घाम होता. काकू पुढे झुकून बसल्या होत्या. दोन पानं उरली होती.

काकांनी डावा हात वर केला. "उद्या," ते म्हणाले.

उद्या सोमवार होता, आणि मेडनहेडला वरदाची सकाळी शाळेच्या नाटकाची तालीम होती. तिने संहिता तिथेच टेबलावर राहू दिली. "दुपारी येते," ती म्हणाली.