वाणातली लाल पिशवी

परतवाड्याजवळच्या एका शाळेत मी मराठी शिकवायची. पालकसभा ठेवली तर चार आया यायच्या, संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवलं की पटांगण भरायचं. म्हणून त्या वर्षी मी डोकं चालवलं. वाण म्हणून वाट्या-डबे न देता मोबाइल ठेवायच्या लाल कापडी पिशव्या शिवून घेतल्या, नाडीच्या. आणि तिळगुळासोबत भाषणही ठोकलं.

फोन तेव्हा घरोघरी नवेच शिरले होते. कापसात काही उरत नव्हतं. गावातले बाप नांदगाव पेठेत कापडाच्या कारखान्यांत कामाला लागले होते आणि आठवड्याने घरी यायचे. त्यांच्याशी बोलायला घरात एक फोन, आणि तो धड चालवता येणारी एकटी पोरगी. आईला हिरवं बटण तेवढं माहीत.

"फोनमध्ये काही वावगं दिसलं," मी ठणकावून सांगितलं, "की फोन पिशवीत घालायचा अन् खुंटीला टांगायचा. पोरींचे लाड नाही करायचे!" बायांनी माना डोलावल्या. मला काय धन्यता वाटली म्हणून सांगू.

आठवीत एक बडबडी मुलगी होती, पहिल्या बाकावरची, फळ्यावरच्या माझ्या चुका काढणारी. पंधरा दिवसांत ती शाळेत येईनाशी झाली. मी घरी गेले. तिची आई अंगणात तुरी पाखडत होती. दाराआड खुंटीला लाल पिशवी टांगलेली होती.

"कोणी माणूस पोरगी बनून फोनवर तिच्याशी बोलून राहिला होता, मॅडम," आई म्हणाली. "मंग फोटो मागू लागला. नाही धाडला तं गावात बदनामी करतो म्हणे."

"तुम्हाला कसं समजलं?" मी विचारलं.

"तिनंच सांगतलं. रडत आली, माय, मले भेव लागते म्हणे."

"मग?"

"मंग काय, तुमी सांगतलं तसंच केलं. फोन टांगला. शाळाबी बंद केली. आता अकोल्याले मामाकडे धाडतो तिले."

अहो, तिनं सांगितलं होतं! भीत भीत, पण आपणहून आईकडे आली होती. पोरगी सांगायला आली तर तिला जवळ घ्या, शाबास म्हणा, हे मी त्या अख्ख्या भाषणात एकदाही बोलले नव्हते. इतकी वर्षं पोरांना शिकवून एवढी साधी गोष्ट सुचू नये? माझी मलाच चीड आली.

"तिची काय चूक? चला, मेसेज दाखवू, पोलिसांत जाऊ. मी येते संगं."

"अन् गावभर बोभाटा करू? तुमीच तं सांगतलं, लाड नाही करायचे."

मुलगी दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि आत निघून गेली. तो माणूस कोण होता ते कधीच कळलं नाही, त्याचा फोन कोणी खुंटीला टांगला नाही. तिची शाळा मात्र सुटली ती सुटलीच.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात विचारलं, "असं काही झालं तर घरी सांगाल ना?" एकही हात वर आला नाही. शेवटी मागची एक म्हणाली, "सांगतलं का शाळा बंद होते, मॅडम."

तो वर्ग अजून डोळ्यांसमोर येतो. सगळ्या पोरी वहीत माना घालून बसलेल्या, आणि पहिला बाक रिकामा. त्यांच्यातल्या कुणाकुणाला काय काय सोसावं लागलं असेल, आणि कुणी तोंड उघडलं नसेल, या विचारानं आजही जीव कासावीस होतो.

परवा स्टँडवर तिची आई भेटली. कमरेची लाल पिशवी काढून मला दाखवली. रंग पार उडाला होता.

"तुमचं वाण अजून वापरतो, मॅडम. तुमच्यामुळं वाचली माही पोरगी," ती म्हणाली, आणि वाकून माझ्या पाया पडली.