टेबलाखालून दिसलेली आई

मामा सकाळीच ढोसून येतो आणि म्हणून फोटो काढताना जमिनीवर लोळतो, अशी गल्लीची ठाम समजूत होती. इस्त्रीवाला तर छातीठोकपणे सांगायचा, "उभं राहता आलं असतं तर बसला असता का बिचारा?"

दारूचं सोडाच, मामाला खोकल्याच्या औषधानंही गरगरतं. खरी गोष्ट वेगळी होती. त्याची आई शिवणाच्या कारखान्यात शर्टांना कॉलर बसवायची. थोरली बहीण, ताई, शाळेत जायची, घरी पोराला सांभाळायला दुसरं कुणी नव्हतं आणि कारखान्यात पोरं आणायला बंदी. त्यामुळे शाळेत जाईपर्यंत मामा तिच्या मशीनच्या टेबलाखाली, चिंध्यांच्या पोत्याआड लपून वाढला. सुपरवायझरचे बूट करकरले की श्वास रोखायचा. बायकांचे चेहरे त्याला फारसे ठाऊक नव्हते, पाय मात्र एकूण एक पाठ. ही भेगावाली मावशी, ही सारखी पायाची बोटं मोडणारी, आणि पायडलवरचा तो पाय म्हणजे आई.

पुढे हातात कॅमेरा आला, पण डोळा त्याच उंचीवर राहिला. बाजारातले हमाल, भट्टीवरचे कामगार, दवाखान्यातल्या आया, सगळे त्यानं फरशीवर बसून टिपले.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा पंचाईत झाली. घरात तिचा एकही धड फोटो नव्हता. ताईनं मामाला फैलावर घेतलं, जगाचे फोटो काढतोस, आईचा एक चेहरा काढून दे. मामानं तीन दिवस खटपट केली. उशाशी वाकला, स्टुलावर चढला. आईही बिचारी पदर सावरून बसायची. पण त्याच्याकडून बटण दाबवेना. वरून बघितलं की ही दुसरीच कुणी बाई वाटते, असं तो ताईला म्हणाला.

चौथ्या दिवशी आईनं पलंगावरून पाय खाली सोडले आणि मामा फरशीवर बसला. एकच फोटो निघाला. दोन दिवसांनी आई गेली.

"आई गेली, आणि मला बघायला काय ठेवलंस? टाचा?" एवढंच ताई बोलली. मग महिनाभर तिनं अबोला धरला.

मामानं तो फोटो आपल्या फोटोंच्या प्रदर्शनात लावला, खाली नाव न लिहिता. हे लिहिणारी ताईची मुलगी जिभेला हाड नसलेली. मामाच्याच घोगऱ्या आवाजात तिनं पैज लावली, आजीला कुणी ओळखलंच तर महिनाभर कुणाची नक्कल करणार नाही. मामा नुसता "बरं" म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातली काजं करणारी म्हातारी आली. मामानं बोलावलं होतं, पण कोणते फोटो आहेत ते सांगितलं नव्हतं. हमाल, भट्टी, सगळं मागे टाकत ती एका फोटोपाशी थबकली.

"ही कॉलरवाली," ती म्हणाली. "बोटं टेकलेली, पण टाच बघा, अधांतरी. मशीन बंद असली तरी पाय असाच हलता ठेवायची, सुपरवायझरला काम चाललंय वाटावं म्हणून. तेवढ्यात वाकून खाली पोराला घास भरवायची."

मामाला हे माहीत नव्हतं. तो भिंतीला टेकून खाली बसला. मुलीबरोबर आलेली ताई फोटोजवळ गेली आणि बराच वेळ तिथंच उभी राहिली.

भाची पैज हरली. पैजेचा महिना अजून संपलेला नाही, म्हणून म्हातारीचे शब्द इथं तिच्या आवाजाशिवायच आलेत.