कार्डिफमध्ये कॉपी

हीथ्रोच्या काउंटरवरच्या मुलीने विचारलं, येण्याचं कारण काय? मी म्हटलं, भाच्याची मॅच आहे. तिने पासपोर्टातला फोटो पाहिला, मग मला पाहिलं. साठीला टेकलेली बाई, सुती साडी, वर दोन स्वेटर, पायमोजे घालून चपला. कसली मॅच, तिने विचारलं. ते मला अजून नीटसं कळलेलं नाही, मी खरं ते सांगितलं. तिने शिक्का मारला.

खरंच कळलेलं नव्हतं. सांगलीतल्या एका हायस्कूलमध्ये बत्तीस वर्षं गणित शिकवून मी नुकतीच निवृत्त झाले होते. धाकटी बहीण शुभा आणि तिचे यजमान अविनाशराव, दोघंही कार्डिफला डॉक्टर. त्यांचा निखिल तिथल्याच एका विद्यापीठात शेवटच्या वर्षाला. तो अमेरिकन फुटबॉल खेळतो, म्हणजे ज्यात पायाचा संबंध फारसा येत नाही आणि चेंडू गोल नसतो तो फुटबॉल. त्याच्या संघाने तीन वर्षांत एकही सामना जिंकलेला नव्हता. एक म्हणजे एकही नाही. रविवारी त्याचा शेवटचा सामना, त्यानंतर नोकरी. शुभा फोनवर म्हणाली होती, तुझ्या धाकाने नापास पोरं पास झालीत, ही का नाही होणार? मला पटलं आणि मी तिकीट काढलं.

पहिले दोन दिवस हॅरोला मंदाकडे काढले. मंदा माझी कॉलेजातली मैत्रीण. घरापासून चार पावलांवर तिला गवार आणि कढीपत्ता विकणारा गुजराती भाजीवाला मिळतो, त्यामुळे परदेशात आल्याची खात्री पटायला मला मेट्रोपॉलिटन लाइनच्या ट्रेनमध्ये बसावं लागलं. डबा भरलेला आणि कुणी कुणाशी बोलत नाही. मी समोरच्या बाईंना त्या कुठे उतरणार ते विचारलं, तर मंदाने मला कोपराने ढोसलं. तिसऱ्या दिवशी कार्डिफला निघताना मी तिच्या ओट्यावर बारा धपाटे लाटले, स्टीलच्या डब्यात तळाला वर्तमानपत्राचा कागद घातला आणि वर लसणीची चटणी ठेवली.

पॅडिंग्टनला गाडीत चढले, तर बॅग वर ठेवायला हात पुरेना. मागून एका हाताने कुणीतरी ती उचलून फळीवर ठेवली. वळून पाहिलं, तर दाराची चौकट भरून टाकेल असा एक मुलगा. नाव टॉम. त्याला मी बसवून घेतला आणि एक धपाटा दिला. मग दुसरा दिला. रेडिंग येईपर्यंत माझ्यासाठी काही उरलंच नाही, आणि चटणीने पोराच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं तरी तो थांबला नाही. असं खाणारं माणूस मला फार आवडतं. उतरताना तो डबा हातात धरून अवघडून उभा राहिला. रविवारी मी कार्डिफलाच खेळायला येतोय, तेव्हा आणून देतो, म्हणाला. मी म्हटलं, दे, पण एक ध्यानात ठेव, आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत. त्याने मान डोलावली आणि हे वाक्य पुटपुटत पाठ करत उतरला.

कार्डिफ स्टेशनवर निखिल आला होता. "मावशी, तुझा बॅग कुठे आहे?" तो म्हणाला. तुझी बॅग, मी म्हटलं आणि त्याच्या गळ्यात पडले. कधी माझ्या खांद्याएवढा होता, आता मला त्याच्या बरगडीशी बोलावं लागतं. रात्री जेवताना त्याने चमचे आणि वाटाणे मांडून मला खेळ समजावला. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. गेलात तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू दुसऱ्यांचा. दहा यार्ड मोजायला दोन काठ्यांना बांधलेली साखळी असते. मी म्हटलं, एवढंच ना, भूमितीच आहे ही. टॉमचं ऐकून तो मात्र चाट पडला. टॉम म्हणजे समोरच्या संघाच्या पुढच्या फळीतला धिप्पाड गडी, आणि रविवारी त्यालाच ढकलून निखिलला पुढे जायचं होतं. आणि तू त्याला बारा धपाटा दिला, निखिल म्हणाला. धपाटे, मी म्हटलं.

रविवारी पाऊस भुरभुरत होता. मैदान म्हणजे विद्यापीठामागचं गवत, एका बाजूला पत्र्याचं छप्पर, त्याखाली पन्नास-साठ माणसं. त्यातली आठ-दहा मराठी, हॉस्पिटलातल्या ओळखीची. शिवाय ब्रॅकनेलहून केदार नावाचा एक सॉफ्टवेअरवाला आला होता, मूळ नागपूरचा. तो काही वर्षं अमेरिकेत राहून आलेला, म्हणून या खेळातला अधिकारी माणूस, आणि पाठिंबा टॉमच्या संघाला. सामन्याआधी टॉम स्वतः वर चढून आला, दोन्ही हातांनी माझा डबा परत केला आणि वाकून म्हणाला, रिकामा नाही. मला भरून आलं. डबा पायाशी पिशवीत ठेवला.

आणि काय सांगू, निखिलचा संघ चक्क खेळला. समोरच्यांनी फेकलेला चेंडू दोनदा मध्येच झेलला. मध्यंतराला आमची पोरं तीन गुणांनी पुढे होती. शुभा माझा दंड इतका घट्ट दाबत होती की वळ उठले. अविनाशराव, जे ऑपरेशन थिएटरात आवाज चढवत नाहीत म्हणे, ते बाकावर उभे राहिले होते.

तेवढ्यात खाली आरडाओरडा सुरू झाला. समोरच्या प्रशिक्षकांनी आपल्या डावपेचांचे कागद मोजून वाटले होते आणि त्यातला एक गायब होता. त्यांचं म्हणणं, तो यजमान संघाने पळवला, नाही तर यांना आमची प्रत्येक चाल आधी कशी कळते? रेफरी, म्हणजे जाड चष्म्याचे एक शांत गृहस्थ, दोन्ही बाजूंचं ऐकत पावसात उभे राहिले.

इकडे छपराखाली शिक्षेवर परिषद भरली. केदारने सांगितलं, अमेरिकेत असलं काही सापडलं तर विद्यापीठाचे जिंकलेले सामनेच पुसून टाकतात. अविनाशराव म्हणाले, आम्ही तीन वर्षांत जिंकलोच नाही, पुसणार काय? एका वेल्श आजोबांच्या मते प्रशिक्षकाला दोन आठवडे घरी बसवावं. त्यांच्या पत्नीच्या मते प्रशिक्षकाला ती शिक्षा वाटणार नाही. कुणी म्हणालं, पंधरा यार्ड मागे ढकला आणि विषय संपवा. भूलतज्ज्ञ बाई होत्या एक, त्या म्हणाल्या, पोरं आहेत, सोडून द्या. हे ऐकून मला राहवेना. बत्तीस वर्षं मी परीक्षेच्या वर्गात उभी राहिले आहे. मी उठले, इंग्रजीत आणि मराठीत दोन्हीत सांगितलं.

"कॉपी करणारा, कॉपी पुरवणारा आणि बघून न बघितल्यासारखं करणारा, तिघांना एकच शिक्षा. पेपर काढून घ्यायचा आणि घरी पाठवायचं. माझा भाचा असला तरी."

छपराखाली टाळ्या पडल्या. केदार म्हणाला, मॅडम, तुम्ही असल्या चौकशी कमिटीवर पाहिजे होत्या. शुभाचा चेहरा उतरला, पण मी रंगात आले होते. घसा कोरडा पडला म्हणून बसले, आणि सगळ्यांचं तोंड गोड करावं म्हणून टॉमचा डबा उघडला. आत लोण्याची बिस्किटं होती. वेल्श आजोबांनी एक घेतलं, केदारने दोन घेतली. मी चौथं उचललं तर खाली कागद दिसला. मी डबा दिला होता तसाच, तळाला कागद घालून त्याने परत केला होता. फक्त वर्तमानपत्राच्या जागी गोल, फुल्या आणि बाण होते.

केदारने पाहिलं. शुभाने पाहिलं. ती माझ्या कानाशी लागली, "ताई, झाकण लाव. कुणी वाचलेलं नाही ते. त्याला एकदा जिंकू दे."

मी उठले. भाषण ठोकून दोन मिनिटं झाली नव्हती, आता तो कागद पिशवीत कोंबून बसायला मला तोंड नव्हतं. डबा पुढे धरून चिखलातून मैदानावर गेले आणि रेफरींना सांगितलं की चोरी झालेली नाही, कागद माझ्याकडे आहे, बिस्किटांखाली. टॉम कानापर्यंत लाल झाला. कागदाशिवाय डबा भरायची पद्धत नसेल असं वाटलं, म्हणाला, आणि हाताशी तोच होता. त्याच्या प्रशिक्षकांनी दोन्ही हात डोक्याला लावले. निखिल हेल्मेट काखेत धरून माझ्याकडे बघत होता. त्याच्याकडे बघायचं मी टाळलं.

मग शिक्षेची परिषद मैदानातच पुन्हा भरली, छप्पर सोडून सगळे खाली आले. केदारचं मत, सामना पाहुण्यांना द्या. टॉमचं मत, मला बाहेर बसवा. आजोबांनी विचारलं, उरलेली बिस्किटं पुरावा धरायची का? रेफरींनी डबा उलटसुलट केला, नियमांचं पुस्तक चाळलं आणि सांगितलं की मावशीबद्दल त्यात काही लिहिलेलं नाही. यजमान खेळाडूंनी कागद पाहिलेला नाही, तेव्हा सामना आहे तसा पुढे चालू. साखळी धरणाऱ्या मुलीची हॉस्पिटलात ड्युटी होती, ती निघाली होती. रेफरी माझ्याकडे वळून म्हणाले, एवढी प्रामाणिक बाई मला साखळीवर हवी. साडीवर पिवळं जाकीट चढवून मी काठी हातात घेतली, दुसरी काठी एका निवृत्त पोस्टमनकडे. काम सोपं होतं. बोलावतील तेव्हा जायचं आणि साखळी ताणून धरायची.

शेवटच्या मिनिटाला अजून आमचे तीन गुण जास्त होते. चेंडू निखिलकडे, चौथा प्रयत्न. दहा यार्ड पुरे झाले तर वेळ काढता येईल आणि जिंकलो. नाही झाले तर चेंडू टॉमच्या संघाला, अगदी आमच्या दाराशी. निखिल मान खाली घालून घुसला, टॉम त्याच्यावर पडला, टॉमवर आणखी सहा जण पडले. ढीग उपसला तर निखिल चेंडू छातीशी धरून चिखलात पालथा. रेफरींनी मोजायला बोलावलं.

पोस्टमनने मागची काठी रोवली. मी साखळी ओढत पुढे आले, ताणली आणि काठी टेकवायला वाकले. चेंडूचं टोक काठीच्या मागे राहत होतं, दोन बोटं. मला स्वच्छ दिसत होतं. निखिल गुडघ्यांवर बसून चेंडूकडे नाही, माझ्याकडे बघत होता. काही बोलला नाही तो. बोलला असता तर बरं झालं असतं, मी त्याला झापलं असतं.

मी हात ढिला सोडला. दोन बोटं, फार नाही. काठी मागे आली.

रेफरी चष्मा पुसत पुसत आले. "मॅडम, साखळी ताणलेली आहे ना?"

"हो," मी म्हटलं.

त्यांनी खाली वाकून पाहिलंसुद्धा नाही, हात वर केला. छपराखालची माणसं मैदानात धावली. अविनाशराव पावसात रडत होते, शुभाने पोस्टमनला मिठी मारली, टॉमने निखिलला उचलून खांद्यावर घेतलं. केदार माझ्याजवळ येऊन म्हणाला, मॅडम, तुम्ही तिथे होत्या म्हणून मला काही शंका नाही. मी त्याला बिस्किट दिलं.

पुढचे दहा दिवस कार्डिफ पाहिलं. किल्ला पाहिला, समुद्र पाहिला, तव्यावर भाजलेले मनुकांचे वेल्श केक खाल्ले, सगळं छान. निखिल रोज जेवताना ते शेवटचे दहा यार्ड पुन्हा सांगायचा आणि मी रोज त्याला भात वाढायची. त्याला मी काही सांगितलं नाही. आज हे लिहितेय ते मराठीत, आणि त्याला मराठी वाचता येत नाही. तो जिंकला याचं मला अजून वाईट वाटत नाही, आणि माझी पंचाईत तीच आहे.

मार्चच्या सुरुवातीला सांगलीला परतले. दुसऱ्याच दिवशी एका जुन्या सहकाऱ्यांचा फोन आला. दहावीच्या परीक्षेसाठी भरारी पथकात एक अनुभवी बाई हवी होती, त्यांना माझ्याइतकी कडक दुसरी कुणी आठवेना. मी म्हटलं, या वर्षी जमणार नाही, गुडघा धरलाय. ते हळहळले, तेल लावायला सांगितलं. गुडघ्याला काहीही झालेलं नाही.