पर्याय क

सरांना सगळे ‘पुरेसे सर’ म्हणत, आणि त्यात काही खोटं नव्हतं. अठरा वर्षं त्यांनी क्लासमध्ये एकच गोष्ट शिकवली. एक प्रश्न, खाली दोन विधानं. पहिलं विधान एकटं पुरेसं असेल तर अ, दुसरं असेल तर ब, दोन्ही मिळून लागत असतील तर क, मिळूनही भागत नसेल तर ड. उत्तर काढायचं नाही हं! क्ष आणि य यांचं गुणोत्तर दिलंय, बेरीज दिलीय? झालं तर मग. क वर खूण करा, पुढचा प्रश्न घ्या. उत्तर काढत बसाल तर दीड मिनिट गेलं पाण्यात.

घरीही तेच. कपाटाची किल्ली घरातच आहे एवढं कळलं की सर शोधणं थांबवत. बायकोनं हात टेकले होते. तिचं रंगाचं दुकान होतं. दिवसभर दोन भाग निळा, तीन भाग पांढरा असं ढवळायचं आणि घरी येऊन कुलूप फोडायचं.

मग तिची तब्येत बिघडली. डॉक्टरांना रक्तातल्या एका घटकाचा आकडा हवा होता. वीसच्या आत असला तर काळजी नाही. रक्त तपासणाऱ्या दोन केंद्रांतून दोन लिफाफे आले. एकावर छापलं होतं, ‘या घटकाचं दुसऱ्या एका घटकाशी गुणोत्तर’. दुसऱ्यावर, ‘दोन्ही घटकांची बेरीज’. सरळ आकडा द्यायला यांच्या बापाचं काय जात होतं, देव जाणे!

सरांनी लिफाफे बाहेरूनच वाचले. “पर्याय क,” म्हणाले, आणि टीव्हीवर ठेवून दिले.

“अहो, क म्हणजे मला काही झालंय की नाही?”

“ते विचारलेलंच नाही.”

अकरा दिवस लिफाफे तिथेच. एकटीनं उघडायचा तिला धीर होईना, आणि यांना तर उघडायचं कारणच दिसेना. बाराव्या दिवशी तिनं दुकान बंद केलं, लिफाफे उचलले आणि थेट क्लासमध्ये जाऊन फळ्यासमोर उभी राहिली.

“मुलांनो, यांच्या बायकोला काही झालंय का? विधान एक, हा लिफाफा. विधान दोन, हा.”

“क!” चाळीस जण एका सुरात ओरडले. सरांचा ऊर भरून आला.

“मग आता काय करायचं?”

“पुढचा प्रश्न!”

“माझ्याकडे पुढचा प्रश्न नाही रे,” ती म्हणाली.

सरांनी खडू खाली ठेवला, परत उचलला. “अगं, मला भीती वाटते,” ते म्हणाले. चाळीस मुलांसमोर म्हणाले.

“मलाही वाटते. म्हणून तर आले.”

सरांनी लिफाफे फाडले. गुणोत्तर दोनास तीन, बेरीज पंचावन्न. अठरा वर्षांत शेवटपर्यंत सोडवलेलं एकही गणित नाही. पाचाचा आकडा त्यांनी तीनदा पुसला. दोन क्ष अधिक तीन क्ष, पाच क्ष. पाच क्ष बरोबर पंचावन्न. क्ष बरोबर...

“अकरा!” सर किंचाळले. “वीसच्या आत! अगं, अकरा!” मुलांनी बाकं बडवली, एकानं शिट्टी मारली, सर रडायलाच लागले.

बायको मात्र फळ्याकडे बघत होती.

“अहो,” ती हळूच म्हणाली, “अकरा हा एक भाग झाला. माझे दोन भाग आहेत.”

रोज रंग ढवळणारी बाई ती. सरांनी फळ्याकडे पाहिलं. अकरा दुणे बावीस. आकडा लिहायला त्यांना बराच वेळ लागला. मागच्या बाकावरच्या दोघांनी तो महत्त्वाचा समजून वहीत उतरवून घेतला.

“दोनच जास्त आहेत ना?” ती म्हणाली. “औषधानं उतरतील की. उठा, डॉक्टर सहापर्यंतच असतात.”

सरांनी तिची पिशवी खांद्याला लावली.

“सर, पुढचा प्रश्न?” कुणीतरी विचारलं.

“आज पुढचा प्रश्न नाही,” सर म्हणाले आणि तिचा हात धरून जिना उतरायला लागले.