कुंपणालगतचा ओक

हार्लेम या डच शहरातलं घर आम्ही एका निवृत्त शिक्षिकेकडून घेतलं. मागच्या बागेत कुंपणालगत एक झाड होतं, माझ्याहून थोडं उंच. पानं वीतभर लांब, करवतीसारख्या कडांची, खालून पांढुरकी. इथले ओक हिवाळ्यात उघडेबोडके होतात. हे हिरवंच राहायचं. त्यामुळे तेही ओकच आहे, हे मला कळलं नव्हतं.

ऑक्टोबरात मागच्या गल्लीत एक म्हातारा दिसू लागला. सायकल टेकवायचा आणि कुंपणावरून आत बघत राहायचा. मी घरूनच काम करते, त्यामुळे नवरा आणि मुलगी बाहेर पडून मी एकटी कधी उरते हे तो हेरतोय, असंच मला वाटलं. मी खिडकीशी गेले की तो निघून जायचा.

नवरा म्हणाला, "अगं, इथले म्हातारे दिवसभर सायकलवर असतात. तुला सगळ्यांत चोर दिसतो."

तरी मी मागच्या फाटकाला कुलूप लावलं.

जानेवारीत कडाक्याच्या थंडीचा इशारा आला. त्या दुपारी बाजारातून परतले, तर झाड पांढऱ्या कापडात नीट गुंडाळलेलं, वर दोरीच्या गाठी. कुलूप जसंच्या तसं.

दुसऱ्या दिवशी तो गल्लीत दिसताच मी फाटक उघडून बाहेर गेले.

"तुम्ही आमच्या बागेत शिरलात?"

"बेल वाजवली होती. तुम्ही नव्हता." तो सावकाश इंग्रजीत म्हणाला.

"कुलूप होतं."

"कुंपणाची एक फळी सैल आहे. पूर्वीपासूनच."

पूर्वीपासून? मग त्याने सांगितलं, तो त्या शिक्षिकेचा घटस्फोटित नवरा. दार्जिलिंगकडच्या डोंगरांत, जिथे जंगल सदा धुक्याने ओलं असतं, तिथून या ओकचं बी त्याने खिशातून आणलं होतं. थंडीने झाड दोनदा बुंध्यापर्यंत जळलं आणि दोन्ही वेळा पुन्हा फुटलं. "घर तिला मिळालं," तो म्हणाला. "झाडाचं कुणी विचारलंच नाही."

मला वाईट वाटलं, पण विश्वास बसेना. मी शिक्षिकाबाईंना मेल केला. दोन ओळींचं उत्तर आलं: तो माझा नवरा होता, हे खरं. पण तो भारतात कधीच गेला नाही. बी मी आणलं होतं.

पुढच्या वेळी तो झाड बघायला आला तेव्हा मी ते त्याला सांगितलं. "असं लिहिलं तिने?" एवढंच तो म्हणाला आणि कापडावरची गाठ तपासू लागला. खोटं पकडल्यावर माणूस गप्प होतो, तसंच खोटा आळ आल्यावरही होतो. हे कुठलं, ते मला त्याच्या चेहऱ्यावरून कळेना.

नवऱ्याने ती फळी ठोकून बसवली. म्हाताऱ्याला मी सांगितलं, यायचं तर बेल वाजवून, मी घरी असताना. तो तसाच येऊ लागला. मी त्याला चहा कधी विचारला नाही, तो गाठी पुन्हा बांधायचा तेव्हा दोरीचं दुसरं टोक मात्र धरून उभी राहायचे.

मार्चमध्ये आम्ही कापड सोडलं. शेंड्याची पानं करपली होती, पण खाली लालसर कोवळी पालवी होती. त्याने एक फांदी वाकवून मला दाखवली, मी फोटो काढला. बाईंनाही तो पाठवावासा वाटला. फोटोत म्हाताऱ्याचा हात आला होता. तेवढा कापून मी फोटो पाठवला.