भाकरीतलं पाणी

चहा घ्या, गार होतोय. आणि घेता घेता एक ध्यानात ठेवा, हा एक कप म्हणजे अर्धा ग्लास पाणी. पूर्ण नाही, अर्धा. हा कायदा मीच केला होता, आणि त्याच कायद्यानं मी डॉक्टरांसमोर अशी काही पकडले गेले, की आजही सांगताना कान गरम होतात. हसायचं असेल तर कप आधी खाली ठेवा.

साठ-एकसष्टचा उन्हाळा असेल. अमरावतीला राजापेठेत आमचं दोन खोल्यांचं भाड्याचं घर. हे एका कचेरीत कारकून, आणि मी प्राथमिक शाळेत मास्तरीण. अकोल्याहून ट्रेनिंग करून नुकतीच लागलेली. त्यामुळे साऱ्या जगाला शिकवायचं काम माझ्याकडेच आलंय, अशी माझी समजूत होती. शाळेत बाई मी एकटीच, बाकी सगळे मास्तर. आता अशा शाळेत पाणी प्यायची पंचाईत काय असते ते बायकांना सांगायला नको, आणि पुरुषांना सांगून उपयोग नाही. मी सकाळी घरून निघायची ती दुपारी घरी येईपर्यंत घोटभरसुद्धा प्यायची नाही.

सासूबाईंना आम्ही सगळे माय म्हणायचो. माय राहायची दर्यापूरजवळच्या खेड्यात. सारा जन्म कापूस वेचण्यात आणि निंदणात गेलेला. चैत्रात एक दिवस हे तिला एस.टी.त घालून घेऊनच आले. कमरेत कळा उठत होत्या आणि माय बसल्या जागी कळवळत होती.

आमच्या राजापेठेतल्या डॉक्टरांनी तपासलं. अकोल्याला पाठवून फोटो काढून आणायला सांगितला. तो उजेडाकडे धरून म्हणाले, "मूतखडा आहे. बारीक आहे, पाण्यानं पडून जाईल. रोज बारा ग्लास पाणी पोटात गेलं पाहिजे. पंधरा दिवस वाट पाहू. नाहीच पडला तर कापावं लागेल."

माय म्हणाली, "चाकूचं नाव काढू नका, डाक्टरसाहेब. मी जन्मात टाका घेतला नाही."

"मग पाणी प्या."

"थे बी होत नाही माह्याच्यानं."

डॉक्टर हसले. म्हणाले, "अहो, नुसतं पाणीच प्या असं कुठे म्हणतोय मी? ताक चालेल, आंबील चालेल, टरबूज खा, पातळ वरण प्या. पोटात जाऊन त्याचं पाणीच होतं."

झालं. डॉक्टर हे सहज बोलून गेले, पण ऐकणारी मास्तरीण होती. घरी आल्या आल्या मी कापडाच्या दुकानातून मिळालेलं कॅलेंडर भिंतीवरून काढलं, पाठकोऱ्या पानावर रकाने आखले आणि दोरीनं पेन्सिल बांधून खिळ्याला लटकवलं. एक ग्लास म्हणजे एक रेघ. रोज बारा रेघा. ताकाचा ग्लास, एक रेघ. टरबुजाची मोठी फोड, अर्धी रेघ. चहाला मात्र मी अर्धीच रेघ दिली. चहा उष्ण, तो जेवढं देतो तेवढंच सुकवतो, असं मी मोठ्या अधिकारानं सांगितलं. कुठून काढलं होतं हे मला विचारू नका.

मायला अक्षर येत नव्हतं, पण रेघ कळत होती. आणि तिनं तीस वर्षं वेचलेल्या कापसाच्या वजनावरून भल्याभल्यांशी वाद घातलेला. पहिल्याच दिवशी जेवताना तिनं ताटाकडे पाहिलं, मग भिंतीकडे पाहिलं.

"काय वं सूनबाई, भाकरीची रेघ कुठी हाये?"

"भाकरीची कुठली रेघ, माय? भाकर कोरडी असते."

"पीठ कायनं भिजवलं तू?"

"पाण्यानं."

"मंग थे पानी कुठी गेलं?"

"तव्यावर उडालं."

"सारं उडालं असतं तं पापड झाला असता. हे पाह्य, कशी मऊ हाये. याच्यात हाये का नाही पानी?"

आता तुम्हीच सांगा, काय उत्तर द्यायचं? मुद्दा तर बरोबर होता. शिकलेल्या माणसाची हीच गोची असते, मुद्दा बरोबर निघाला की त्याला नाही म्हणता येत नाही. मी भाकरीला पाव रेघ दिली.

तिथून जे सुरू झालं ते थांबेना. खिचडीत वाटीला अडीच वाट्या पाणी मीच घालते, तिची अर्धी रेघ. कढीची एक. वांग्याच्या भाजीची पाव. कांद्यातून पाणी निघतं, डोळ्यातूनही काढतो, म्हणून कांद्याची डबल मागणी आली. ती मी फेटाळली, आणि मग पडतं घेऊन एकेरी मान्य केली. एक दिवस आंघोळ करून आली आणि म्हणाली, "दोन बादल्या घेतल्या आंगावर."

"ते अंगात जात नाही, माय."

"मंग बोटं कावून सुरकुतले?"

हे पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "मास्तरीणबाई, हिला वकिलीला घाला." आणि परत पेपरात गेले. ह्यांची मदत नेहमी एवढीच असायची.

शेजारची कमलाबाई काकडी घेऊन आली, हिची रेघ किती म्हणून विचारायला. तिच्या मागून गल्लीतल्या आणखी दोघी आल्या. मी शाळेतून यायची, हातातली पिशवी ठेवायच्या आत पन्हं बघायची, उसाचा रस बघायची आणि निकाल द्यायची. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटायचं. लग्न होऊन वर्ष झालं होतं आणि माय पहिल्यांदाच मला विचारून काही करत होती. रकाने बघून ती म्हणायची, "आमची सून शिकेल हाये, तिले इचारा." मी फुगून जायची.

चौथ्या दिवशी तर बारा रेघा दुपारी बारालाच भरल्या. माठाला मात्र कोणी हात लावला नव्हता. मायनं पेन्सिल खाली सोडली आणि समाधानानं आडवी झाली.

सहाव्या दिवशी दुपारी मी शाळेतून आले तर माय भिंतीला टेकून बसलेली, ओठ दाताखाली धरलेले. कळ आली होती. चेहरा पांढरा पडला होता. मला बघून म्हणाली, "रेघा तं रोज भरल्या, पोरी. मंग हा कावून पडत नाही? कापतीनच का आता मले?"

मी भिंतीकडे पाहिलं. रोज बारा रेघा, पण त्यातलं निम्मं पाणी भाकरीत, कांद्यात आणि मायच्या बोलण्यात. आणि प्रत्येक रेघ मी मंजूर केलेली. मायची चूक नव्हती, चूक माझी होती. मी तिच्याजवळ बसले आणि तसं सांगितलं.

"माय, मी चुकले. मला शहाणपणा दाखवायचा होता. पण मला एक सांगा, तुम्हाला पाणी का नको वाटतं?"

ती म्हणाली, "लहानपनी गावच्या हिरीले आमाले हात लावू देत नव्हते. कोनी वरून ओतलं तं पेयाचं. तासतास वाट पाहा. मंग म्या तहानच मारून टाकली. पुढं वावरात गेली, तं वेचनीच्या दिवसभर बाईमानसानं आडोसा कुठी पाहावा? तवा बी नाही पेली. आता दीक्षा झाली, वस्तीत आपली हीर झाली, तुह्या घरी तं नळ बी हाये. पन घशाले कोन सांगन?"

मला रडूच आलं. म्हणजे मी ज्या बाईशी कांद्याच्या रेघेवरून भांडत होते, तिला पाणी पिणं हे कोणी शिकवलंच नव्हतं, उलट न पिणं शिकवलं होतं. माय माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "रडू नको. डोळ्यातलं पानी वाया जाते. थे बी रेघंत धर."

त्या दिवसापासून नवा कायदा झाला. भाकर बंद, कांदा बंद, आंघोळ तर पहिल्यापासूनच बंद. रेघ फक्त माठातल्या पाण्याची, ताकाची आणि आंबिलीची. चहा पूर्वीसारखाच अर्धा. मी ग्लास घेऊन मायच्या मागे फिरायची. ती तोंड वाकडं करायची, पण प्यायची. शेवटचा ग्लास नेहमी म्हणायची, "हा तुह्यासाठी." आणि संपवायची.

बाराव्या दिवशी सकाळी खडा पडला. ज्वारीच्या दाण्याएवढा असेल. मायनं तो धुऊन तंबाखूच्या डबीत ठेवला आणि दोन दिवस येईल त्याला दाखवला. कमलाबाईनं तर तो हातात घेऊन पाहिला.

पंधराव्या दिवशी आम्ही डॉक्टरांकडे निघालो. मायच्या हातात डबी, माझ्या बगलेत गुंडाळलेलं कॅलेंडर. का? तर डॉक्टरांनी माझे रकाने पाहावेत म्हणून. तोंडानं शाबासकी मागायची नव्हती, फक्त कागद त्यांच्यासमोर ठेवायचा होता. दोन दिवसांपासून माझं डोकं ठणकत होतं आणि उन्हाळी लागली होती, लघवीला आग होत होती. पण म्हटलं, ऊनच एवढं आहे, होतं असं.

डॉक्टरांनी डबी उघडली, खडा पाहिला, खूश झाले. मी कॅलेंडर टेबलावर पसरलं, उभी राहून "हे बघा, पहिल्या रकान्यात" एवढं म्हटलं, आणि माझ्या डोळ्यापुढे अंधारी आली. पुढचं मला एवढंच आठवतं, की मी कंपाउंडरच्या स्टुलावर बसलेली होते आणि माय पदरानं वारा घालत होती.

डॉक्टरांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, डोळे पाहिले. विचारलं, "बाई, दिवसातून तुम्ही स्वतः पाणी किती पिता?"

मी म्हटलं, "पिते की. चांगलं पिते."

माय म्हणाली, "डाक्टरसाहेब, थे क्यालेंडर पलटवा."

डॉक्टरांनी पान उलटलं. छापील तारखांच्या बाजूला, एकेका दिवसाच्या चौकोनात, वाकड्या हातानं काढलेल्या पेन्सिलीच्या रेघा होत्या. प्रत्येक चौकोनात दोन. पंधरा दिवस, रोज दोन.

"ह्या कोणाच्या?"

"हिच्या," माय म्हणाली. "माह्या रेघा हिनं मोजल्या, हिच्या म्या वढल्या. एक सकाळचा चहा, एक संध्याकाळचा. जेवायले बसली का माह्या गिलासाकडं पाहते, सोता घोटभर. शाळेतून येते तं व्हट फाटेल राहतेत, आन् येताबरोबर माह्याच मागं लागते."

डॉक्टर म्हणाले, "म्हणजे रोज दोन ग्लास."

"दोन कुठचे? चहा अर्धाच धराचा, हिचाच कायदा होये. एक झाला."

कंपाउंडर खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेला. मी कॅलेंडरकडे पाहत बसले. पंधरा दिवस मी मायला बघत होते असं मला वाटत होतं, आणि तीच मला बघत होती.

"शाळेत का पीत नाही तुम्ही?" डॉक्टरांनी विचारलं.

मी कॅलेंडर गुंडाळायला घेतलं. माय माझ्याकडे पाहत हळूच म्हणाली, "मास्तर लोकायची शाळा होये, साहेब. बाईमानसाले जागा नाही. वावर असो का शाळा, सारखंच."

मी तिला हे कधी बोलले नव्हते. तिला सांगायची गरजच नव्हती. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली, वर माझं नाव आणि खाली तेच, रोज बारा ग्लास.

माय आता बरी झाली होती, गावी जायला मोकळी होती. पण गेली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं शाळेच्या मागच्या घरातल्या म्हातारीशी ओळख काढली, एका दुपारीत तिला आपली जुनी मैत्रीण करून टाकलं आणि तिची न्हाणी माझ्या आडोशासाठी मागून घेतली. आणि त्यानंतर रोज मधल्या सुट्टीत माय पितळेचा तांब्या घेऊन माझ्या वर्गाच्या दारात हजर. अख्ख्या शाळेदेखत. तिसरीतली पोरं ओरडायची, "बाई, तुमचं पाणी आलं." मास्तर लोक खाली मान घालून हसायचे. माय तांब्या माझ्या हातात द्यायची आणि संपेपर्यंत हलायची नाही.

एक दिवस माझ्यानं अगदी होईना. अर्धा तांब्या उरला होता, घंटा व्हायची वेळ झाली होती. मी आर्जवानं म्हटलं, "माय, आज राहू द्या नं. सकाळी दोन भाकरी खाऊन आले मी. ताज्या होत्या, मऊ होत्या. त्यातलं पाणी धरा की जरा."

मायनं तांब्या माझ्याकडे सरकवला.

"थे सारं तव्यावर उडालं," ती म्हणाली. "पी."