मंदाला बघायला चाचणी आली

माझ्या धाकट्या बहिणीचं जुळत आलेलं लग्न वीस प्रश्नांच्या एका पेपरानं मोडलं. पेपर शिक्षणखात्याचा होता आणि तो घरी सोडवायची सूचना माझी होती.

मध्य भारत मोडून नवा मध्य प्रदेश झाला, तेव्हाची ही गोष्ट. ग्वाल्हेरची राजधानी गेली, कचेऱ्या भोपाळला गेल्या, साहेब गेले, साहेबांचे चपराशीही गेले. बदल्यात आम्हाला जबलपूरहून 'वस्तुनिष्ठ चाचणी' मिळाली! साऱ्या प्रांतातल्या सरकारी शाळांना एकच पेपर. प्रत्येक प्रश्नाखाली चार उत्तरं छापलेली, मुलानं फक्त एकावर खूण करायची. (विचार करण्याची कटकटच मिटली.) मी लश्करात, म्हणजे नव्या ग्वाल्हेरात, कंपू मोहल्ल्यातल्या एका शाळेत मास्तर होतो. जबलपूरच्या शिबिरातून नुकताच या चाचणीची दीक्षा घेऊन आलो होतो, आणि घरात कोणी "चहा हवा का?" असं विचारलं तरी "पर्याय सांगा" म्हणत होतो.

आमचे वडील, म्हणजे तात्या, संस्थानी काळातले शाळा-निरीक्षक. त्यांना ही चाचणी म्हणजे शुद्ध फालतूपणा वाटायचा.

"पोराच्या डोळ्यांत बघितल्याशिवाय परीक्षा कसली रे?" ते गरजायचे. "मी पोराला उभा करायचो, चार प्रश्न विचारायचो, बस! कळायचं."

"तात्या, तुमचं पोट बिघडलेलं असलं की अख्खा वर्ग नापास व्हायचा. आणि हेडमास्तरांनी रबडी आणली की अख्खा वर्ग पास!"

"मग? निदान रबडी तरी ग्वाल्हेरची असायची!"

हा वाद रोज जेवताना व्हायचा. आई मुकाट्यानं वाढायची आणि मंदा दोघांनाही हसायची. मंदा बी. ए. झालेली, मुलींच्या शाळेत शिकवणारी, आणि जिभेला बिलकुल लगाम नसलेली.

अशात तिला जबलपूरचं स्थळ सांगून आलं. मुलगा श्रीधर, वकिलीच्या शेवटच्या वर्षाला. मुलाचे वडील रावसाहेब, आणि हे रावसाहेब म्हणजे ज्यांनी ती चाचणी तयार केली तेच थोर अधिकारी! माझ्या तर मनात दोन-दोन लाडू फुटले. बहिणीचं लग्न होईल आणि रावसाहेबांच्या चाचणी-कक्षात मला नोकरीही मिळेल. वर्गात खडू खाऊन मी कंटाळलो होतो.

पाहुणे आले. इंदरगंजातल्या हलवायाकडची गरम कचोरी झाली, तीळगुळाची गजक झाली, चहा झाला. मंदानं नमस्कार केला. तात्यांनी पहिल्या पाच मिनिटांतच चाचणीचा विषय काढला.

"झाबुआच्या रानातलं पोर आणि आपल्या लश्करचं पोर तुम्ही एकाच फूटपट्टीनं मोजणार?"

"अर्थात," रावसाहेब म्हणाले. "फूटपट्टी बदलत नसते. पोरानं बदलायचं."

तात्यांचे कान लाल झाले. आता भांडण होणार, स्थळ जाणार, नोकरी जाणार! मी घाईघाईनं म्हणालो, "वाद कशाला? आपण सगळेच चाचणी देऊन बघू या! रावसाहेब, पेपर आहेत का जवळ?"

होते! कनवटीला अडकित्ता ठेवावा तसे त्यांच्या बॅगेत पेपर कायम असायचे. रावसाहेब इतके खूश झाले की म्हणाले, "उत्तम कल्पना! मुलगी बुद्धीनं श्रीधरच्या जवळपास आहे का, तेही कळेल."

मंदानं माझ्याकडे बघितलं. ती नजर मी अजून विसरलेलो नाही.

सतरंजीवर पंगत बसली. तात्या, मंदा, श्रीधर आणि तात्यांचे थोरले भाऊ नानाकाका. नानाकाकांना फारसं ऐकू येत नव्हतं, मोतीबिंदूमुळे धड दिसतही नव्हतं. रेशनकार्डाचं काहीतरी काम आहे असं समजून ते पेन्सिल मागून घेऊन बसले. मी उभा राहून सूचना मोठ्यानं वाचून दाखवल्या. तात्या म्हणाले, "तूही बस की, पंडित!" म्हणून मीही बसलो.

पेपर हिंदीत होता. 'पिताजी कार्यालय से लौटकर सबसे पहले क्या करते हैं?' मी तो पुटपुटत वाचला तर आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "भांडतात! आहे का तो पर्याय?" तो नव्हता. 'हम सुबह नाश्ते में क्या खाते हैं?' तात्यांनी चारही उत्तरं खोडली आणि खाली ठसठशीत अक्षरांत ग्वाल्हेरच्या डाळभरल्या पुरीचं नाव लिहिलं, बेडई.

रावसाहेबांनी तिथंच पेपर तपासले. मंदाला वीसपैकी सात.

"नदीचा प्रश्न चुकला," ते म्हणाले. "आपल्या प्रदेशात कोणती नदी वाहते? उत्तर, नर्मदा."

"पण इथे नर्मदा वाहत नाही."

"नसेल वाहत. उत्तर नर्मदा आहे."

"इथे स्वर्णरेखा वाहते. पर्यायांत नव्हती म्हणून मी समासात लिहिली."

(उन्हाळ्यात ती वाहत नाही, नुसती वास मारते, हे मान्य. पण आहे ना!)

"समासात लिहायची परवानगी नाही," रावसाहेब शांतपणे म्हणाले.

"हद है, दादा!" मंदा माझ्यावर उखडली. "नदी आपल्या मोहल्ल्यामागे आणि तिचं उत्तर जबलपूरला!"

तात्यांना पाच मिळाले. श्रीधरला तेरा. रावसाहेबांच्या चेहऱ्यावर समाधान पसरतंय तोच त्यांनी पुढचा पेपर उचलला, आणि चष्मा पुसून पुन्हा बघितला. नानाकाकांना चौदा!

नानाकाकांनी प्रत्येक प्रश्नाला पहिल्याच उत्तरावर खूण केली होती. हाताला तेच जवळ पडत होतं.

"असं कसं?" तात्या ओरडले.

रावसाहेब जरा अवघडले. "म्हणजे... पेपर काढताना बरोबर उत्तर विसरायला नको, म्हणून मी बहुधा ते आधी लिहून टाकतो."

आता श्रीधरला गप्प बसवेना. "बाबा, हा पेपर मी घरी दोनदा उतरवून दिला होता तुम्हाला, उत्तरांसकट! तरी मला तेराच?" तो म्हणाला, आणि आपण काय बोललो हे कळून एकदम गजक खाऊ लागला.

मग मंदा उठली, पदर खोचला आणि अत्यंत नम्रपणे म्हणाली, "रावसाहेब, मी तर नापास झाले. तुमच्या चिरंजीवांच्या तोडीचं या घरात एकच माणूस आहे. नानाकाकांची पत्रिका देऊ का?"

तात्या इतके हसले की त्यांना ठसका लागला. आपलं नाव निघालंसं वाटून नानाकाकांनी विचारलं, "साखर वाढवली का रे?" रावसाहेबांनी बॅग बंद केली. मी दारापर्यंत धावलो. "रावसाहेब, माझा पेपर राहिला तपासायचा!" (माणूस बुडतानाही काय धरेल सांगता येत नाही.)

त्यांनी चौकात दिव्याखाली उभं राहून तो तपासला. शून्य! खूण करायची होती. मी गोल केले होते. 'गोला न बनाएँ' ही सूचना मीच सगळ्यांना खड्या आवाजात वाचून दाखवली होती. रावसाहेब माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. दयेनं असावं.

मंदानं पुढे इथल्याच एका डॉक्टरशी लग्न केलं. बघायला आला तेव्हा त्यानं एकच प्रश्न विचारला होता, "तुम्हाला मी चालेन का?" आणि पर्याय दिले नव्हते.

मला मात्र दोन महिन्यांनी चाचणी-कक्षात नेमणुकीचा हुकूम आला! मी आनंदानं जबलपूरला गेलो. रावसाहेब म्हणाले, "आमच्याकडे सगळे हुशार आहेत. पेपर सामान्य बुद्धीला समजतो की नाही, हे कळायला कोणी नव्हतं." मग प्रत्येक नवा पेपर छपाईआधी माझ्यासमोर ठेवला जाई. मला समजला, तर मुलांना समजणारच! तिथूनच मी निवृत्त झालो.

मंदाला कोणी विचारलं, "तुमचे दादा शिक्षणखात्यात काय करत होते हो?" तर ती अजूनही अभिमानानं सांगते, "नापास होत होते. चांगल्या पगारावर!"